हरताळ की बंद?

गेल्या अंकात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आंतरजालावरील संकेतस्थळे निषेधासाठी बंद ठेवण्याच्या प्रथेचा खरपूस समाचार घेतला आहे. ज्ञानाचे साधन आपल्या हाती आहे म्हणून वाचकाला ओलीस धरावे आणि सरकारकडून हवे ते मान्य करून घ्यावे, ही दांडगाई होय, असा त्यांच्या लेखाचा एकंदर सूर आहे. त्यांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. तरीही त्यांनी दोन अगदी भिन्न गोष्टी एका माळेत ओवल्या आहेत, हे नम्रपणे परंतु स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे. ही गफलत केवळ शब्दांची असती तर मी लेखणी उचललीही नसती. ह्या गफलतीचा फायदा कोणाला होतो, हे पुढे येईलच.

प्रथम घटना पाहू. अमेरिकेच्या काँग्रेससमोर २०११ साली दोन विधेयके आली. त्यांची आद्याक्षरी नावे सोपा आणि पिपा. (मराठी कानाला पहिले नाव फसवे आहे, त्यात सोपे काहीच नव्हते.) चित्रपट, संगीत इत्यादींची चोरी करणाऱ्या परदेशी संकेतस्थळांना आळा घालणे हा त्यांचा जाहीर हेतू. हेतूला कोण नाव ठेवील? परंतु उपाय असा होता की, न्यायालयाच्या आदेशाने अशा स्थळांचे दुवे शोधयंत्रांनी काढून टाकावेत, पैशाची देवघेव करणाऱ्या कंपन्यांनी त्यांचे व्यवहार तोडावेत, आणि आंतरजालाच्या पत्त्यांच्या नोंदवहीतच त्यांचा रस्ता बंद करावा. ही शेवटची तरतूद इतकी आक्षेपार्ह ठरली की, विधेयकाच्या कर्त्यांनीच ती वगळण्याची तयारी पुढे दाखवली. १८ जानेवारी २०१२ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेदहा वाजता, इंग्रजी विकिपीडियाने आपली पाने काळी केली आणि चोवीस तास तशीच ठेवली. ते काळे पान सुमारे सोळा कोटी वेळा उघडले गेले, आणि ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी त्या पानावरून आपल्या लोकप्रतिनिधीचा पत्ता शोधला. २४ जानेवारीला सिनेटमध्ये होणारे मतदान २० तारखेलाच पुढे ढकलले गेले आणि दोन्ही विधेयके बारगळली.

आता शब्दाकडे वळतो. आपण साहित्यप्रेमी मंडळी. शब्दापासून सुरुवात केली तर कोणी हरकत घेणार नाही. पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरावर हरताळ नावाचे पिवळे द्रव्य लावी आणि अक्षर झाकून टाकी. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. बाजारातला हरताळ निराळा. हट्ट म्हणजे बाजार आणि ताळे म्हणजे कुलूप, अशी त्याची फोड सांगतात, आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांचा 'हडताळ' त्याचाच सख्खा भाऊ. विकिपीडियाच्या त्या काळ्या पानात हे दोन्ही अर्थ एकत्र आले होते: अक्षरेही झाकलेली आणि दुकानालाही कुलूप.

हरताळाचा गाभा असा की, कुलूप ज्याचे त्याने आपल्याच दाराला लावायचे. मांडवीतला कापडाचा व्यापारी एक दिवस दुकान उघडत नाही तेव्हा त्या दिवसाचा गल्ला त्याचा जातो. गिऱ्हाइकाला फार तर उद्या यावे लागते. रौलट कायद्याच्या निषेधार्थ ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर जो हरताळ झाला, त्याआधी गांधीजींनी नोकरदारांना घातलेली अट आज कोणाच्या लक्षात नसते: ज्यांना त्या दिवशी काम असेल त्यांनी मालकाची आधी परवानगी घेऊन मगच काम थांबवावे. म्हणजे नोकराने मालकाच्या दुकानालाही परस्पर कुलूप लावायचे नाही. एवढा काटेकोरपणा! 'बंद' म्हणजे ह्याच्या नेमके उलट. त्यात कुलूप माझे आणि दार दुसऱ्याचे. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असा सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले. न्यायालयांना जो भेद दिसला तो आमच्या ज्येष्ठ सभासदांना दिसू नये, ह्याचे मला नवल वाटते.

ह्या कसोटीवर विकिपीडियाचे कृत्य घासून पाहावे. दार कोणाचे होते? ज्यांनी बिनमोबदला, रात्री जागून ते लेख लिहिले, त्यांचे. निर्णय कोणी घेतला? अठराशेहून अधिक संपादकांनी उघड चर्चेत. कोणीही वाचू शकेल अशा पानावर ती चर्चा झाली. किती वेळ? चोवीस तास, आधी सांगून. ज्या दोन विधेयकांवरून हे सारे घडले, त्यांच्यावरचे लेख त्या दिवशीही उघडे ठेवले होते, आणि मोबाइलवरून वाचणाऱ्याला तर कुलूप लागलेच नव्हते. ह्याला ओलीस धरणे म्हणायचे असेल, तर रविवारी बंद असणाऱ्या वाणसामानाच्या दुकानालाही तेच म्हणावे लागेल.

विश्वकोशाने तटस्थ असले पाहिजे, हा ज्येष्ठ सभासदांचा दुसरा मुद्दा. लेख तटस्थ हवेत, हे मान्य. परंतु ज्या जमिनीवर ग्रंथालय उभे आहे तीच खणली जात असताना ग्रंथपालाने कपाटातील ग्रंथ विषयवार लावीत बसावे, ही कसली तटस्थता? आमच्या बडोद्याला ह्यात नव्याने शिकण्यासारखे काही नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या, त्या काही कोणतीही भूमिका न घेता नव्हे. खेड्यातल्या माणसाला फुकट पुस्तक मिळाले पाहिजे, ही ठाम भूमिकाच होती. जून १९७५ च्या अखेरीस आणीबाणीच्या निषेधार्थ अग्रलेखाची जागा कोरी सोडून छापणाऱ्या वृत्तपत्रालाही, वाचकाला त्याच्या पैशाचा अग्रलेख मिळाला नाही, अशी तक्रार कोणी केल्याचे मला स्मरत नाही.

तथापि एका बाबतीत माझे मन विकिपीडियाच्या बाजूने पूर्ण साक्ष देत नाही. कायदा अमेरिकेचा, मत द्यायचे अमेरिकेच्या मतदाराने. मग इंदूरच्या वा हैदराबादच्या विद्यार्थ्याला काळे पान का? बहुसंख्य संपादकांना निषेध हवा होता खरा, पण तो पाळू इच्छिणाऱ्यांपैकी जगभर पान काळे करावे असे म्हणणारे सुमारे ५५ टक्केच होते. बाकीच्यांना अमेरिकेपुरता अंधार पुरे वाटत होता. विधेयकाचा रोख परदेशी स्थळांवरच होता, म्हणून तो जगाचा प्रश्न होता, असे उत्तर दिले जाते. ते अगदी निर्बल नाही. परंतु ज्याला त्या सिनेटरला पत्र लिहिण्याचा अधिकारच नाही, त्याचे दार बंद करायला ५५ टक्के मला अपुरे वाटतात. त्या दिवशी आपल्या बाजूला साधी सूचनापट्टी पुरली असती.

हे मी अनुभवाने बोलतो. सरकारी नोकरीच्या आरंभीच्या काळात मीही एका लेखणीबंद आंदोलनात सामील होतो. टेबलावर हात ठेवून आम्ही बसलो होतो आणि खिडकीपलीकडे एक वृद्ध विधवा निवृत्तिवेतनाच्या दाखल्यासाठी तीन दिवस येत होती. सरकारचे काहीच बिघडले नाही. आमचेही नाही, कारण मिटल्यावर ते दिवस रजेत धरले गेले. नुकसान झाले ते फक्त तिचे, आणि तिचा आमच्या वेतनश्रेणीशी काडीचा संबंध नव्हता. त्या आंदोलनाला आम्ही अभिमानाने हरताळ म्हणत असू. आज मला ते म्हणवत नाही.

पण ज्येष्ठ सभासदांचा सारा रोष विकिपीडियावर. आणि ज्यांनी खरोखर दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावले, त्यांच्याविषयी लेखात अवाक्षर नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी फेसबुकने ऑस्ट्रेलियात बातम्या बंद केल्या. वृत्तपत्रांना मोबदला द्यावा लागेल अशा कायद्याला त्यांचा विरोध होता. विरोध करण्याचा त्यांना हक्क होता. परंतु बातम्यांबरोबर राज्यांच्या आरोग्य खात्यांची, हवामान खात्याची, अग्निशमन व आपत्कालीन सेवांची, धर्मादाय संस्थांची पानेही त्या झपाट्यात कोरी झाली. कोविडच्या लसीकरणाला तिथे अवघे काही दिवस उरले होते. चूक झाली असे कंपनीने म्हटले आणि ती पाने परत आणली. आठवड्याच्या आत सरकारशी तडजोड झाली, कायद्यात तिला हव्या त्या दुरुस्त्या झाल्या आणि बातम्या पुन्हा दिसू लागल्या. येथे कोणा स्वयंसेवकाने रात्र जागवली नव्हती, कोणती उघड चर्चा झाली नव्हती. ज्या पानांना कुलूप लागले ती लिहिणारे दुसरेच होते. हाच तो बंद. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात तशाच कायद्याविरुद्ध त्याच कंपनीने बातम्या बंद केल्या. त्याच महिन्यात तिथे वणव्यांमुळे यलोनाइफ हे अख्खे शहर रिकामे करावे लागले, आणि माणसे एकमेकांना बातमीचा दुवासुद्धा पाठवू शकत नव्हती.

आपल्याकडेही ह्या कंपनीचा हात कसा चालतो ते दिसले होते. २०१५ च्या डिसेंबरात 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी तिने आपल्याच सदस्यांच्या पडद्यावर मजकूर झळकवून दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे लक्षावधी ठरीव पत्रे पाठवायला लावली. प्राधिकरणाने त्याबद्दल कडक शब्दांत नापसंती कळवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाचे दर ठेवण्यास मनाई केली. त्या वेळी कुलूप लागले नाही, एवढेच. किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे ते मात्र कळून चुकले.

असे निषेध यशस्वी होतात म्हणून ते धमकीसारखे असतात, हेही विधान तपासून घेतले पाहिजे. रशियन विकिपीडियाने १० जुलै २०१२ रोजी संकेतस्थळांच्या काळ्या यादीच्या विधेयकाविरुद्ध पाने बंद केली. दुसऱ्याच दिवशी ड्यूमाने ते संमत केले. जर्मन, झेक, डॅनिश व स्लोव्हाक विकिपीडिया २१ मार्च २०१९ रोजी अंधारात गेले. २६ मार्चला युरोपीय संसदेने तो कायदा ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मान्य केला. ज्याच्या हाती खरी धमकी असते त्याच्या वाट्याला असे पराभव येत नाहीत. हरताळ ही विनंती असते, फार तर मोठ्या आवाजातली. ती फेटाळता येते, आणि ह्या दोन्ही ठिकाणी फेटाळली गेलीच.

शेवटी, कुलपाचा विषय निघालाच आहे तर सर्वांत मोठ्या कुलपाविषयी मौन का? सप्टेंबर २०१४ मध्ये आमच्या बडोद्यात दंगलीच्या वेळी मोबाइलवरील आंतरजाल सरकारी आदेशाने बंद झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये आरक्षण आंदोलनात अहमदाबादेसह गुजरातेत पुन्हा तेच. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून आंतरजाल तोडले गेले आणि पूर्ण वेगाने ते फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आले. अशा आदेशांची कधीच गरज नसते, असे मी, उभी हयात सरकारी कागदांत घालवलेला माणूस, म्हणणार नाही. परंतु ते काढणाऱ्या अधिकाऱ्याचा त्या दिवशीचा गल्ला बुडत नाही, एवढे मला ठाऊक आहे. आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला काय झाले? बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा साधा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका तरुणीला आणि तो आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्या ६६ अ कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. बंदविषयी प्रश्न विचारणेसुद्धा ज्या कायद्याने गुन्हा ठरत होते, त्याच्याविरुद्ध एखाद्या मराठी संकेतस्थळाने एक दिवस आपले पान काळे केले असते, तर मी त्याला दांडगाई म्हटले नसते.

ज्येष्ठ सभासदांनी लेखाच्या अखेरीस एक प्रश्न टाकला आहे: उद्या आपल्या संस्थेनेच निषेध म्हणून वाचनालय बंद ठेवले तर चालेल काय? माझ्यापुरते उत्तर देतो. विषय वाचनालयाच्या जिवावर येणारा असेल, सभासदांची सभा रीतसर भरून ठराव झाला असेल, आठ दिवस आधी दारावर फलक लावला असेल आणि बंद एका दिवसाचा असेल, तर चालेल. कुलूप लावायला मी स्वतः येईन. वर्तमानपत्रांचे टेबल मात्र बाहेर ओट्यावर मांडावे लागेल, कारण सकाळी येणारे आठदहा वृद्ध वाचक त्या ठरावाला हजर नसतील, आणि घरी परत जायला त्यांना रिक्षाचे भाडे पडते.