शील नाही म्हणून हाकलता, मग उपचार कोण करणार?

धम्म बैठकीत दारू पिणाऱ्या तरुणाला चारचौघांत उभे करून 'बावीस प्रतिज्ञा विसरलास का?' असे विचारणारे स्वतःला निष्ठावान समजतात. आम्हाला हा प्रकार अज्ञानाचा वाटतो, आणि धोक्याचाही.

डोपामाइन हे 'मजेचे रसायन' म्हणून सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. 'हे महत्त्वाचे, पुन्हा मिळव' अशी नोंद मेंदूत पक्की करणे हे त्याचे मोठे काम. एमडी डोपामाइन पेशींतून बाहेर ढकलते, गर्द त्याच्यावरचा ब्रेक सोडवतो. दोन्हींत डोपामाइनची लाट उसळते. रोज अशा लाटा आल्या की मेंदू स्वतःला बधिर करून घेतो. मग भाकरी, मैत्री, लेकराचे हसूही फिके लागते. संशोधक केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात मजा संपते, ओढ वाढते. पगाराचा दिवस, गुत्त्याचा वास एवढेही पुरते. तथागतांनी दुःखाचे मूळ तण्हेत सांगितले, हे आमच्या उपदेशकांना कोणी आठवण करून द्यावी!

पण 'सगळा मेंदूचाच दोष' म्हणत व्यवस्थेला मोकळे सोडणारेही आम्हाला मान्य नाहीत. व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१ मध्ये मायदेशी परतले. ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले जेमतेम पाच टक्के निघाले. त्यांची परिस्थिती बदलली होती. गटारात उतरण्याआधी घाण सहन व्हावी म्हणून पिणाऱ्या आमच्या सफाई कामगाराची परिस्थिती कोणी बदलली? संविधानाचे कलम ४७ दारूबंदीसाठी झटायला सांगते, आणि सरकार अबकारी महसूल मोजत बसते.

आता धोक्याचे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला प्रतिज्ञा देऊन एका दिवसात दारू तोडायला लावली, तर दोन-चार दिवसांत झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही येऊ शकतो. आधी डॉक्टर, मग प्रतिज्ञा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार धरलेले आहेत. सरकारी उपचार हा हक्क आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, मात्र अटींसह. मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहा, आणि जिल्हा रुग्णालयात सोबत कोण जाणार त्याचे नावही.