पिस्तूल मोठे की लहान? आधी सांगा, कंबर कुणाची!

टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मध्यंतरी फोन आला. ग्रीन कार्ड हातात आलेले, बायको रात्रपाळीला जाते, आणि घराजवळच्या गल्लीत दोनदा लूटमार झालेली. म्हणाला, "दादा, पिस्तूल घ्यायचे ठरवलेय. इथले मित्र म्हणतात फुल-साइजच घे, लहान पिस्तूल म्हणजे खेळणे. तुम्हाला काय वाटते?"

आधी आम्हाला हसूच आले. आम्ही जन्मभर निवेदने दिली, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि हा पठ्ठ्या आम्हाला पिस्तुलाचा आकार विचारतो! पण चार दिवस वाचन केले, जाणकारांशी बोललो, तेव्हा आमचे हसू थांबले. लक्षात आले की हा प्रश्न निव्वळ इंच आणि ग्रॅमचा नाही. यात माणूस कोण आहे हेही मोजावे लागते. आणि नेमके तेच कुणी मोजत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती समजून घ्या. अमेरिकेत कपड्याआड पिस्तूल बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा आज मोठ्या प्रमाणावर कायदेशीर व्यवहार आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्याला कायद्याने बंदूक बाळगता येते अशा २१ वर्षांवरील व्यक्तीला त्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९११ पासून कडक कायदा होता. परवाना हवा असेल तर तुला खास गरज काय, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. ती अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात रद्द केली. आणखी एक गोष्ट तिकडच्या आपल्या पोरांनी कान उघडे ठेवून ऐकावी. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, मोजके अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवणे हाच तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राने दिली, रेंजवर घेतली, असल्या सबबी चालत नाहीत. आमच्या कार्यकर्त्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून त्याचा प्रश्न तरी उभा राहतो.

आता आकाराचे बोलू. उदाहरणासाठी सर्वांना माहीत असलेले ग्लॉक घ्या. ग्लॉक १७ हे फुल-साइज. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ते स्वीकारले. नळी साधारण साडेचार इंच, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. ग्लॉक १९ हे कॉम्पॅक्ट. नळी चार इंच, गोळ्या १५. त्याहून लहान ग्लॉक २६, नळी साडेतीन इंचांच्या आत, गोळ्या १०. आणि २०१८ मध्ये सिग सॉअर कंपनीने पी-३६५ आणले. जेमतेम इंचभर जाडीचे, तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या. त्यानंतर बारीक पिस्तुलांची बाजारात रीघ लागली.

मोठ्या पिस्तुलाच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. नेम धरण्यासाठी पुढे आणि मागे ज्या खुणा असतात त्यांच्यातले अंतर जितके जास्त, तितकी हाताची चूक लगेच दिसते. वजन जास्त असेल तर गोळी सुटतानाचा धक्का कमी जाणवतो आणि दुसरा नेम लवकर धरता येतो. मूठ लांब असेल तर पाचही बोटांची पकड बसते. अगदी लहान पिस्तुलात करंगळीला जागाच उरत नाही. थोडक्यात, रेंजवर उभे राहून कागदावर गोळ्या झाडायच्या तर मोठे पिस्तूल सरस आहे. यावर वाद नाही.

पण प्रश्न रेंजचा आहे का? प्रश्न रोज सकाळी कमरेला खोचून घराबाहेर पडण्याचा आहे. आणि इथेच मोठ्याचे भक्त गप्प होतात.

बहुतेकांना वाटते की लपवायला अवघड जाते ती नळी. हा गैरसमज आहे. नळी पँटच्या आत जाते, तिथे अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. बाहेर राहते ती मूठ. माणूस वाकला, गाडीतून उतरला, वरच्या फळीवरची वस्तू काढायला हात उंचावला, की मुठीचे टोक शर्टाला आतून ढुशी देते आणि पिस्तुलाचा आकार कापडावर उमटतो. ग्लॉक १७ आणि १९ यांच्या वजनात फरक तोळ्यांचा आहे, जाडी जवळपास सारखीच आहे. मुठीची उंची मात्र सुमारे एक सेंटिमीटरने कमी आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात, पातळ शर्टाखाली, हा एक सेंटिमीटरच सगळे ठरवतो.

दुसरी गोष्ट. जड आणि टोचणारे पिस्तूल माणूस आठवडाभर हौसेने बाळगतो, मग ते गाडीच्या कप्प्यात राहू लागते. पोलादी बनावटीचे, पाच इंची नळीचे जुने १९११ घ्या. रिकामे असतानाच किलोभराच्या वर जाते. बसताना पोटात रुतते. मग "आज जवळच तर जायचेय" म्हणून गाडीत ठेवले जाते. गाड्या फोडून बंदुका चोरणे हा अमेरिकेतल्या शहरांत नित्याचा गुन्हा आहे. म्हणजे स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेले हत्यार शेवटी कुणाच्या हातात जाते? ज्याच्या भीतीने घेतले त्याच्याच!

तिसरी गोष्ट गोळ्यांची. "सतरा म्हणजे सतरा, पंधरा म्हणजे पंधरा," असे छाती फुगवून सांगितले जाते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर कायद्याने बंदी आहे. तिथे मोठ्या पिस्तुलातही दहाच गोळ्या भरायच्या. मग मोठ्या मुठीचे ओझे नेमके कशासाठी वागवायचे?

आणि "लहान म्हणजे खेळणे" म्हणणाऱ्यांसाठी एकच उत्तर पुरे. अमेरिकेच्या लष्कराने २०१७ मध्ये नवीन पिस्तूल निवडले, तेव्हा त्याचे दोन आकार घेतले. एम-१७ हे मोठे, एम-१८ हे कॉम्पॅक्ट. त्यांच्या हवाई दलाने आणि मरीन कोअरने त्यातले कॉम्पॅक्टच आपले मुख्य पिस्तूल म्हणून पसंत केले. ज्यांना लपवण्याची गरजही नाही त्यांना कॉम्पॅक्ट चालते, आणि आमच्या कार्यकर्त्याच्या मित्रांना ते खेळणे वाटते! हा पिस्तुलाचा प्रश्न नाही, हा मर्दानगीच्या गंडाचा प्रश्न आहे.

मात्र याच गंडाची दुसरी बाजूही पाहा. बाईमाणसाने पिस्तूल मागितले की दुकानदार सर्वांत लहान, सर्वांत हलके हत्यार पुढे सरकवतो. आखूड नळीचे, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. बाईचा हात लहान, म्हणून पिस्तूल लहान, असा हिशेब. पण हत्यार जितके हलके तितका धक्का जास्त. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा जड असतो आणि नेम चटकन हलतो. नवशिक्या बाईच्या हातात सर्वांत अवघड हत्यार द्यायचे आणि मग म्हणायचे, "बघा, बायकांना जमत नाही." ही चलाखी आपल्या ओळखीची आहे की नाही? म्हणून अगदी चिमुकल्याच्याही नादी लागू नका. पूर्ण मूठ हातात येईल आणि तरीही कपड्याआड राहील असा मधला आकार निवडा. आणि जिच्या कमरेला ते राहणार आहे तिनेच रेंजवर जाऊन, झाडून पाहून निवडावे. नवऱ्याने नव्हे, दुकानदाराने तर नव्हेच.

आता मूळ मुद्द्याला येतो. तिकडचे अनुभवी गोरे सल्लागार हमखास सांगतात, "शर्टावर थोडा आकार उमटला तर काय बिघडते? लोकांचे लक्ष नसते." आम्ही विचारतो, कुणाच्या शर्टावर? गोऱ्या माणसाच्या कमरेचा उंचवटा पाहून लोक म्हणतील, फोन असेल. काळ्या माणसाच्या कमरेचा तोच उंचवटा पाहून पोलिसांना फोन जातो. जो सल्ला एकाला निरुपद्रवी आहे तोच दुसऱ्याच्या जिवावर बेततो. सल्ला देणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण त्याला ते कधी भोगावे लागलेले नाही. ज्याला विशेषाधिकार असतो त्याला तो दिसत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

इतिहास तपासा. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर अहिंसेच्या या नेत्याने पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्याला "गरज" नाही, तर मग गरज कुणाला होती? १९६७ मध्ये ब्लॅक पँथरच्या तरुणांनी ऑकलंडमध्ये उघडपणे भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला सुरुवात केली. ते तेव्हाच्या कायद्यात बसत होते. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदाच बदलला, आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदूक दिसली की कायदा कसा बदलतो, हे कुणाची बंदूक दिसली यावर ठरते. याच ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही.

आणि ६ जुलै २०१६ विसरू नका. मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या काळ्या माणसाची गाडी पोलिसांनी थांबवली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा माणूस. पिस्तुलाचा परवाना त्याच्याकडे होता. पिस्तूल खिशात होते, दिसतही नव्हते. त्याने स्वतः होऊन, सभ्यपणे सांगितले की माझ्याजवळ बंदूक आहे. काही क्षणांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची जोडीदार होती, मागे तिची चार वर्षांची मुलगी. २०१७ मध्ये तो पोलीस अधिकारी निर्दोष सुटला.

इथे आम्हाला कुणी अडवेल. म्हणेल, "मग तुमच्या कॉम्पॅक्टने काय साधले? कॅस्टिलचे पिस्तूल तर लपलेलेच होते." बरोबर आहे. आम्ही हेच सांगतो आहोत. लहान मूठ शर्टाखाली लपते, कातडीचा रंग लपत नाही. कॉम्पॅक्ट घेतल्याने नजरेत येण्याची शक्यता कमी होते, संशयित ठरण्याची नाही. पहिले कंपनीच्या हातात आहे, दुसरे व्यवस्थेच्या. जो विक्रेता तुम्हाला पिस्तुलाबरोबर सुरक्षितता विकतो तो अर्धेच खरे बोलतो.

आपल्याकडे तर हा पर्यायच सामान्य माणसाकडे नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, परवान्याच्या खेट्या. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध. फार तर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. आम्हाला त्याची खंतही नाही. रस्तोरस्ती पिस्तुले असावीत असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले, ते आम्हाला मान्य आहे. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने द्यावेत, असे सरकारनेच लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे? आधी दबंगांच्या हातातली शस्त्रे काढून घ्या, एवढे जरी नियमाप्रमाणे झाले तरी आपल्या वस्तीला पिस्तुलाची गरज पडणार नाही.

तर आमच्या कार्यकर्त्याला आम्ही काय सांगितले? सांगितले की घ्यायचेच असेल तर कॉम्पॅक्ट घे. दोघांनी रेंजवर जाऊन, झाडून पाहून घ्या. चाप पूर्ण झाकणारे घट्ट होल्स्टर घे. गाडीत ठेवू नकोस. घरी कुलूपबंद तिजोरीत ठेव. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणून घरात कुणाचे मन खचले असेल तर पिस्तूल घरातच आणू नकोस. दर महिन्याला सराव करणार नसशील तर मोठे-लहान हा वादच सोड, कारण दोन्ही तुझ्या हाती निकामी आहेत.

तो म्हणाला, "दादा, आणि पोलिसाने गाडी थांबवली तर?"

आम्ही म्हणालो, हात स्टिअरिंगवर ठेव, दिसतील असे, आणि तो सांगेल तसे सावकाश कर. याहून चांगले उत्तर आमच्याकडे नव्हते. त्याचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्येही नाही. ते ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी पिस्तुलाचा आकार हा खरोखरच इंचांचा प्रश्न होईल. तोवर तो माणसाच्या किमतीचा प्रश्न आहे, आणि आम्ही तो तसाच विचारत राहू.