मुत्सद्दी आणि सेनापती

‘युद्ध पेटले की मुत्सद्द्यांनी तोंड मिटावे व सेनापतीस मोकळे सोडावे’, असे मत सुशिक्षितांत मोठ्या आढ्यतेने मांडले जाते. ते आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

१७८७ साली लालसोटच्या प्रसंगानंतर महादजी शिंदे पुण्याकडे कुमक मागत राहिले. नाना फडणिसांचा संशय फिटेना, आणि कुमक पोहोचेतो १७८८ साल उजाडले. दोष मुत्सद्द्याचा, हे कबूल! परंतु एवढ्यावरून मुत्सद्दीच नको, असे कसे ठरते? ज्या नगर जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, त्याच जिल्ह्यातील खर्ड्यास १७९५ साली याच नानांनी शिंदे, होळकर व भोसले यांना एकत्र आणले. लढाई परशुरामभाऊ पटवर्धनांनी चालविली, आणि निजामास तह करावा लागला. कोणी कोणाचे काम बळकावले नाही. १९६२ साली लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच गेली नाहीत. १ सप्टेंबर १९६५ रोजी मात्र हवाईदलप्रमुखांनी विचारताच यशवंतराव चव्हाणांनी परवानगी दिली, व विमाने त्याच सायंकाळी छांबवर झेपावली. निर्णय मंत्र्याचा, लढण्याची रीत वैमानिकांची.

शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा शनिदेवावरील श्रद्धेची आहे. राज्य तेवढ्यावर चालत नाही. मुत्सद्दी व सेनापती यांच्यामध्ये दार हवेच; त्यास कुलूप मात्र नसावे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एवढेच सांगावे: युद्ध का आरंभिले व कोठे थांबविले, याचा जाब प्रजेने मग कोणास विचारावा?