सराटीच्या घाटावर आकडे लावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

हिवाळा लागला की भिगवणजवळच्या कुंभारगावात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात. उथळ पाण्यात मान खाली घालून, उलटी चोच गाळात फिरवत सरकणारा तो थवा पाहताना माणूस बोलायचं विसरतो. पण रोहित आले म्हणजे पाणी चांगलं, असं कृपया कुणी धरून चालू नये. हा पक्षी शेवाळ आणि चिखलातले बारीक जीव गाळून खातो. सांडपाण्यानं माजलेलं शेवाळ त्याला चालतं. पाण्याचे खरे हाल जाळं ओढणाऱ्याला कळतात. जाळ्यात चिलापीच चिलापी, आणि मासेमारीवर जगणारी कितीतरी माणसं आता पर्यटकांना होडीतून फिरवतात.

1980 साली धरण झालं, तेव्हा पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्यात आज मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून पुणे, पिंपरी-चिंचवडची घाण येऊन साठते. सोलापूर शहर हेच पाणी पितं.

नीरा नदीचं दुखणं तर आमच्या घरातलंच. ऊस आम्ही लावतो, कारखान्याचे सभासद आम्ही, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आमचीच पोरं. कारखाने बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण डिस्टिलरीचं स्पेंटवॉश नदीत गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. पावसाचा पहिला लोंढा आला की त्याआडून रात्रीत हे सांडपाणी सोडलं जातं. सकाळी नदी काळी, वर फेस, आणि वास थेट घरात. तक्रार करावी, तर नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत ते पाणी पुढच्या तालुक्यात गेलेलं असतं.

याच नीरेत आषाढी वारीच्या वाटेवर सराटीला तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात. पुढं नरसिंहपूरला ती भीमेला मिळते आणि दोन्ही नद्यांचं पाणी पंढरपूरच्या वाळवंटात पोचतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यातले 55 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. 1974 च्या जल कायद्यानं नमुना घेण्याचा अधिकार तुम्हाला दिला आहे. कलम 33-अ खाली कारखान्याची वीज तोडण्याचाही. अधिकार कमी पडतात, असं मला वाटत नाही. तपासणीचा निकाल नदीकाठी पोचत नाही, हे मात्र रोज दिसतं.

म्हणून मागणी एवढीच. भिगवण, सराटी आणि नरसिंहपूर इथं दर महिन्याला नमुने घ्या, आणि पहिल्या पावसात रात्रीसुद्धा. निकाल साध्या मराठीत घाटावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा: पाण्यात प्राणवायू किती, किती हवा, कुणाला नोटीस दिली, तिचं पुढं काय झालं. नमुना घेताना गावातले दोन मच्छीमार सोबत घ्या. पाणी कुठून वळतं ते त्यांना अंधारातही सांगता येतं.

पहिला फलक येत्या आषाढी वारीआधी सराटीला लागावा.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी