अमेरिकन स्वत्वाचें मूळ

अमेरिकन वाङ्मयाची गोष्ट निघाली कीं आमच्याकडील सुशिक्षितांच्या तोंडीं एक ठराविक पाठ येतो: धर्मासाठीं छळ सोसलेले कांहीं भाविक लोक समुद्र ओलांडून गेले, त्यांनीं स्वातंत्र्याचें बीज पेरलें, आणि त्यांतूनच पुढें राष्ट्र उगवलें. हा पाठ खोटा नाहीं. पण तो अर्धा आहे, आणि अर्धें सत्य पुऱ्या असत्याहून अधिक फसवितें. आमचें म्हणणें असें कीं, त्या राष्ट्राचें स्वत्व भक्तीनें जितकें घडलें, तितकेंच, किंबहुना अधिक, लोभानें व सत्तेनें घडलें; आणि याची साक्ष त्याचें आद्य वाङ्मयच देतें.

१६०७ सालीं व्हर्जिनियांत जेम्सटाउन वसविलें तें भागीदारांच्या भांडवलावर चालणाऱ्या एका कंपनीनें. ईस्ट इंडिया कंपनीचा अनुभव घेतलेल्या देशांतील वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. त्या वसाहतीचा एक पुढारी कॅप्टन जॉन स्मिथ यानें १६१६ सालीं न्यू इंग्लंडचें वर्णन प्रसिद्ध केलें. मासे, कातडीं, लांकूड, सुपीक जमीन यांची त्यांत अशी रेलचेल आहे, कीं हें पुस्तक भूगोलाचें कीं विक्रीच्या जाहिरातीचें, असा संशय यावा. तेथें राज्य उभें राहील तें संपत्तीच्या आशेनेंच, हें तर तो उघड मान्य करतो.

कोणी म्हणेल, व्हर्जिनिया व्यापाऱ्यांची. न्यू इंग्लंड तर भाविकांचें! बरें, तेंहि पाहूं. १६३० सालच्या जॉन विन्थ्रॉपच्या प्रवचनांत डोंगरावरील नगरीचा आदर्श आहे खरा. पण कांहींनीं श्रीमंत व समर्थ असावें आणि कांहींनीं दीन असावें, ही ईश्वराचीच योजना होय, असा त्याचा आरंभ आहे. १६३७ सालीं मिस्टिक येथील पीक्वॉट लोकांची वस्ती बायकामुलांसकट जाळली गेली. प्लिमथ वसाहतीचा इतिहासकार विल्यम ब्रॅडफर्ड जळत्या देहांची दुर्गंधीहि वर्णितो, आणि लागलीच विजयाबद्दल ईश्वराचे आभार मानतो. येथें धर्म सत्तेला आवरीत नाहीं. तो तिचें समर्थन करतो.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता टॉमस जेफर्सन हा आयुष्यांत ६०० हून अधिक गुलामांचा धनी होता. व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथांत गुलामगिरीच्या पापानें तो भयभीत होतो; पण त्याच ग्रंथांत कृष्णवर्णीयांना बुद्धीनें हीन लेखतो. फिलिस व्हीटली या, बालपणीं आफ्रिकेंतून धरून आणलेल्या, कवयित्रीचा संग्रह १७७३ सालीं लंडनांत छापला गेला होता. तिची कविता टीकेलाहि पात्र नाहीं, असें म्हणून त्यानें ती झटकून टाकली. ती कविता मान्य करणें म्हणजे मालकीचा पायाच उखडणें होतें!

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. तो गौरव आम्हांसहि मान्य आहे. परंतु बेडी तोडणाऱ्यांना वंदन केलें म्हणून ती घडविणाऱ्यांस विसरावें असें नाहीं. फुल्यांनाहि तें रुचलें नसतें. म्हणून आमच्या तरुण वाचकांनीं हे ग्रंथ अवश्य वाचावे. मात्र प्रत्येक पानाशीं, ही जमीन कोणाची होती व ती कसली कोणी, एवढें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.