सातबारा कॉलेजचा, पीक पोरांचं!

होस्टेलच्या मेसचा चार्ज नव्या सेक्रेटरीकडे जातो तेव्हा काय काय मोजलं जातं, बघा. गॅसच्या टाक्या, कढया, तांदळाची पोती, किराणावाल्याची उधारी... एक झारा कमी भरला तरी रेक्टर सरांपुढे पंचनामा होतो! आणि टेक्निकल फेस्टची, रोबोटिक्स क्लबची, माजी विद्यार्थी संघाची वेबसाइट? तिचा चार्ज कोणी कोणाला देत नाही. पासवर्ड असतो फायनल इयरच्या एखाद्या हुशार पोराच्या डोक्यात, आणि रिझल्ट लागला की ते डोकं पुण्याला नाहीतर बंगलोरला नोकरीवर रुजू होतं.

मित्रांनो, यात त्या पोराचा दोष नाही. त्याने बिचाऱ्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून डोमेन घेतलेलं असतं. दोष आपल्या सगळ्यांच्या समजुतीचा आहे. वेबसाइट म्हणजे होमपेज, रंग, फोटो, फिरणारा बॅनर, असं आपण धरून चालतो. खरी वेबसाइट तर कंट्रोल पॅनेलमध्ये असते, आणि तिथे कोण लॉगिन करू शकतो, यावर ती कोणाची हे ठरतं.

आता हे पॅनेलही एक नसतं, दोन असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिलं पॅनेल डोमेन रजिस्ट्रारचं. (म्हणजे आपल्या ऑफिसात बोनाफाइड देणारे रजिस्ट्रार साहेब नव्हेत!) डोमेन कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर कोणते, डोमेन दुसरीकडे हलवायचं तर लागणारा गुप्त कोड कोणता, हे सगळं तिथे. दुसरं पॅनेल होस्टिंगचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी सीपॅनेल. १९९६ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर. फाइली चढवणं, डेटाबेस बनवणं, ईमेल खाती उघडणं, सबडोमेन काढणं, बॅकअप घेणं ही रोजची कामं त्यात होतात.

शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना हे एका शब्दात कळेल: सातबारा. गावचा नमुना सात सांगतो जमिनीवर हक्क कोणाचा, आणि नमुना बारा सांगतो त्यात पीक कोणतं. रजिस्ट्रारचं पॅनेल म्हणजे सात, होस्टिंगचं पॅनेल म्हणजे बारा. पीक बुडालं तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. बॅकअप असेल तर साइट तासाभरात उभी राहते. पण सातवर नाव दुसऱ्याचं लागलं, की राबणारे आपण आणि मालक तिसराच!

आणि नाव जायला फार काही लागत नाही, रिन्यूअल विसरलं की पुरे. डॉट कॉमचं उदाहरण घ्या. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडून जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते, ती नेमकी किती हे कंपनीवर असतं. पुढे ३० दिवस दंड भरून सोडवायची मुभा, मग ५ दिवस नाव कोणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. आठवणीचे ईमेल येतात, नाही असं नाही. पण ते जातात नोंदणीच्या पत्त्यावर. तो पत्ता पास होऊन गेलेल्या पोराचा असला तर संपलंच. त्याहून गमतीची तऱ्हा म्हणजे नोंदणीला त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असणं. डोमेन बंद, म्हणून मेल बंद, म्हणून मेल बंद पडल्याचा मेलही येत नाही. किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यातला हा प्रकार!

'आपण काय, खेड्यातल्या कॉलेजातली पोरं' असं वाटून घेऊ नका. १९९९ च्या नाताळात साक्षात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम हे डोमेन रिन्यू करायचं राहून गेलं आणि हॉटमेलवाल्यांना लॉगिन करताना अडचण यायला लागली. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर ३५ डॉलर भरून ते सोडवलं. जगातल्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर आपल्या क्लबची काय कथा?

आपल्या जिल्ह्यात तर हा विषय सध्या जास्तच निकडीचा आहे. ३१ मे २०२३ ला चौंडीला घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघून अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. बोलताना आपण आधीही 'नगर' म्हणायचो, आजही 'नगर'च म्हणतो; एसटीच्या कंडक्टरला तेवढं पुरतं. डीएनएसला पुरत नाही. तिथे प्रत्येक अक्षर मोजलं जातं. ज्यांच्या डोमेनमध्ये जुनं नाव आहे अशा कॉलेज, पतसंस्था, मंडळं यांना आज ना उद्या नवीन डोमेन घ्यावंसं वाटणारच. अवश्य घ्या. पण नवीन घेतलं म्हणून जुनं सोडू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

का, ते सांगतो. सोडलेलं डोमेन हवेत विरत नाही, ते पुन्हा बाजारात येतं. उद्या कोणी परका ते विकत घेईल, त्याच्या पॅनेलमध्ये एक एमएक्स रेकॉर्ड भरेल, आणि त्या नावावर येणारा प्रत्येक मेल त्याच्या पेटीत पडायला लागेल. एखाद्या माजी विद्यार्थ्याने कॉलेजच्या ईमेलवर जी जी खाती उघडली असतील, त्यांच्यावर 'पासवर्ड विसरलो' एवढं दाबलं की नवीन पासवर्डची लिंक त्या परक्याच्या हातात! हॅकिंगची गरजच काय? एसी डॉट इन हा पत्ता अर्नेटमार्फत फक्त शैक्षणिक संस्थांनाच मिळतो, त्यामुळे तिथे ही भीती बरीच कमी. पण डॉट कॉम, डॉट ओआरजी आणि साधं डॉट इन कोणालाही मिळतं, आणि आपल्या क्लबांची नावं नेमकी त्यातच असतात.

जुनं नाव सांभाळायला फार खटपट नाही. जुन्या डोमेनवरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट टाकायचं, म्हणजे जुन्या लिंका मरत नाहीत. जुन्या नावाचं एसएसएल सर्टिफिकेटही चालू ठेवायचं, नाहीतर ब्राउझर आधी धोक्याची पाटी दाखवतो आणि रिडायरेक्टपर्यंत कोणी पोचतच नाही. जुने मेल नव्या खात्यांकडे वळवायचे. आणि सर्व्हर बदलणार असाल तर आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणायचा. टीटीएल म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ. तो आधीच कमी केला तर 'दोन दिवस थांबा, होईल' असं सांगायची पाळी सहसा येत नाही.

आता काही प्राध्यापक म्हणतील, एवढं आहे तर सगळं ऑफिसातच कुलपात ठेवू, पोरांनी हातच लावायचा नाही. सर, माफ करा, हेही पटत नाही. डीएनएसची थिअरी आम्ही परीक्षेत आकृतीसकट लिहितो, पण ए रेकॉर्ड चुकला की साइट कशी गायब होते, हे पॅनेलमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. पोहायला विहिरीतच उतरावं लागतं. काळजी एवढीच घ्यायची, की विहीर आपली असावी आणि काठावर कोणीतरी उभं असावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सात कॉलेजकडे, बारा पोरांकडे. डोमेन कॉलेजच्या नावावर घ्या, नोंदणीला प्राचार्यांच्या पदाचा, पण वेगळ्या डोमेनवरचा ईमेल द्या, आणि जमल्यास एकदम बरीच वर्षं भरून टाका. डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत घेता येतं. प्रत्येक क्लबला सबडोमेन आणि स्वतंत्र सीपॅनेल खातं द्या, म्हणजे एकाचा गोंधळ दुसऱ्याला बाधत नाही. वर्षअखेरीस जुन्या टीमने बॅकअप घेऊन, नव्या टीमला शेजारी बसवून, पासवर्ड बदलून चार्ज द्यावा. रजिस्टरवर दोघांची सही आणि मुदत संपायची तारीख, एवढी नोंद पुरे. पासवर्ड मात्र रजिस्टरमध्ये लिहू नका!

हे करायला फंड लागत नाही, कमिटी लागत नाही, एक दुपार लागते. आधीच्या बॅचेसनी रात्री जागून बनवलेली पानं, प्रोजेक्ट रिपोर्ट, फोटो हे सगळं त्या दुपारीवर टिकून आहे. तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: आपल्या क्लबचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते विचारा. उत्तर चटकन मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर त्या सिनियरला आजच फोन लावा, अजून त्याचा नंबर बदललेला नसेल तोवर!