जेठा गड्डा टाकून द्या

जुलै महिन्यात आपल्याकडे कंद खोदायचं कोणाच्या मनातही येणार नाही. जमिनीत पाणी मुरलेलं असतं आणि लावण्या उरकलेल्या असतात. पण न्यू जर्सीत, शिकागोत किंवा लीड्समध्ये बाग करणाऱ्या आपल्या वाचकांसाठी बिअर्डेड आयरिसचे गड्डे काढून वेगळे करण्याचे दिवस नेमके हेच. मे-जूनचा बहर संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी झाड जरा विसावतं, तेव्हा खोदाई करायची. कडक थंडी पडायच्या आत नव्या मुळांना दीड महिना तरी मिळाला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी हेच काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं.

या झाडाबद्दलची तक्रार ठरलेली असते. पहिली दोन-तीन वर्षं वाफा फुलांनी भरून गेला, आता नुसती पानंच येतात, तर खत कोणतं द्यावं? आमचं उत्तर असं की खताची पिशवी बाजूला ठेवा आणि फावडं घ्या. आयरिसचा गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. केळीच्या खांबासारखंच त्याचं आहे, घड दिला की संपलं, पुढचं सगळं पिल्लांवर. फुललेल्या गड्ड्याच्या दोन्ही अंगांना बगलगड्डे फुटतात आणि पुढचा बहर त्यांच्यावर येतो. तीन-चार वर्षांत मधोमध संपलेल्या गड्ड्यांची गर्दी होते, कडेच्यांना जागा उरत नाही, मग फूल थांबतं.

इथे आपली सवय आड येते. हळद लावणारा माणूस बेण्यासाठी जेठा गड्डा निवडतो, चांगला ५० ग्रॅमच्या वरचा, टणक. मातृकंदाला मान देण्याची ही रीत हळदीत बरोबरच आहे. आयरिसमध्ये मात्र ती पूर्ण उलटी करावी लागते. जेठा गड्डा टाकायचा आणि कडेचा तरुण बगलगड्डा ठेवायचा. भरलेला, वजनदार कंद फेकून देताना हात अडखळतो हे आम्हांला ठाऊक आहे. तरी फेका.

गड्डा उचलल्यावर माती झटका, जोरात पाणी मारून धुवा, मग नीट पाहा. जुन्या गड्ड्यावर पानं नसतात. त्याची साल सुरकुतलेली असते आणि अंगावर गळालेल्या पानांच्या कड्या उमटलेल्या दिसतात. नवा गड्डा फिकट, घट्ट, टोकाला पंख्यासारखा पानांचा झुबका घेऊन बसलेला असतो. जोडावर धारदार सुरीने कापा. दर कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. पानं सिकेटरने वीतभर ठेवून छाटा, म्हणजे मुळं धरेपर्यंत झाडावर भार पडत नाही. कापलेला भाग एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या.

लावणीतही हळद-आल्याची सवय विसरायची. खड्ड्यात मातीचा लहानसा वरंबा करा, त्यावर गड्डा बसवा, मुळं दोन्ही उतारांवर पसरून दाबा. गड्ड्याची पाठ उन्हाला दिसली पाहिजे. उन्हाळा फार कडक असेल तिथे वरून बोटाच्या एका पेराएवढी माती पुरे, त्याहून जास्त नको. सहा तास ऊन, निचऱ्याची जमीन, दोन गड्ड्यांत फूटभर अंतर. गड्डा पानांच्या टोकाकडे वाढत जातो, म्हणून झुबक्याची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवा. एकदा भरपूर पाणी द्या, रुजेपर्यंत बेताने देत राहा, नंतर हात आवरा. नत्राचं खत नकोच. पानं माजतात आणि गड्डा मऊ पडतो.

मऊ पडलेला गड्डा कुजायला वेळ लागत नाही. पाल्याचा झुबका हलकेच ओढल्यावर हातात आला आणि नाकाला घाण वास आला, तर ती जिवाणूंनी होणारी मऊ कूज. कुजलेला भाग चमच्याने टणक गरापर्यंत खरवडून काढा आणि जखम उन्हाला उघडी ठेवा. अमेरिकेच्या पूर्व भागात कुजीच्या मागे बहुतेक वेळा आयरिस बोररची अळी असते. पतंग शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालतो, वसंतात अळी पानातून पोखरत खाली गड्ड्यात शिरते. थंडी येताच वाळका पाला वेचून जाळला किंवा कचऱ्यात दिला, की निम्मं काम झालं. तो कंपोस्टमध्ये टाकू नका.

आता इथल्या नर्सरीवाल्यांशी दोन शब्द. जांभळ्या फुलांचे फोटो दाखवून हे गड्डे पुण्या-मुंबईतही विकले जातात. बहुतेक जातींना फुलण्यासाठी काही आठवडे सलग थंडी लागते. पुण्याची थंडी काही रात्रींपुरती असते. महाबळेश्वरला गारवा आहे म्हणावं, तर पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो गड्ड्याला गिळून टाकतो. काश्मीरची गोष्ट वेगळी. तिथल्या कबरस्तानांत पांढरे आणि जांभळे आयरिस दर वसंतात फुलतात, कारण तिथे बर्फाचा हिवाळा आहे. गिऱ्हाइकाला हे विक्रीआधी सांगा. तरीही कोणी हौसेने मागितलाच, तर कुंडीत, छपराखाली, फुलाची हमी न देता द्या. कंदाचंच झाड हवं असेल तर सोनटक्का सुचवा. त्याला ओल मानवते आणि त्याचे कंद या पावसातही लावता येतात.